इथलं होता येतं का?

नाशिकची नोकरी सोडून बायको-मुलासह न्यू जर्सीला यावं का, आणि इथलं होता येतं का, असं तुम्ही विचारलंय. व्हिसाचं वकील सांगेलच. मला भलतंच आठवलं.

लेकीला शाळेत घालताना 'घरी कोणती भाषा बोलता' या रकान्यात मी मोठ्या ऐटीत मराठी लिहिलं. पुण्यात इंग्रजी माध्यमात शिकलेली पोर वर्षभर इंग्रजी न येणाऱ्यांच्या वर्गात बसली. तीन पत्रं लिहिली, उत्तर आलं ते छापील. ती आता हसते, मला हसू येत नाही.

ग्रीन कार्डावर असतानाही ज्युरीचं, म्हणजे खटल्यात दोषी की निर्दोष ठरवणाऱ्या सामान्य नागरिकांच्या मंडळाचं, बोलावणं येऊ शकतं, कारण वाहन परवान्यांच्या याद्यांतूनही नावं उचलतात. 'नागरिक नाही' यावर खूण करून परत पाठवा. चुकूनही नागरिक आहे असं लिहू नका, त्यापायी परत पाठवणी होऊ शकते.

नागरिक झाल्यावर, 2015 मध्ये, मी खरोखर ज्युरीत बसलो. भत्ता दिवसाला 5 डॉलर. आधी सरकारी खर्चानं केलेली चित्रफीत दाखवली: पुरावा कसा ऐकावा, बाहेर कुणाशी बोलू नये. मग न्यायाधीशांनी विचारलं, कायदा पटला नाही तरी मी सांगेन तसाच लावाल ना? मी हो म्हटलं. आरोपी विशीतला पोरगा, खिशात थोडे अमली पदार्थ. गुन्हा शाबित झाला होता, पण 'दोषी' म्हणायला जीभ रेटेना. बंद खोलीत अकरा हात वर गेले. माझ्या उच्चारांना कुणी हसेल म्हणून बारावा माझा.

नंतर कळलं की ज्युरीनं कायदा बाजूला ठेवून 'निर्दोष' म्हटलं, तर तिला शिक्षा नाही आणि सुटलेल्यावर त्याच गुन्ह्यासाठी पुन्हा खटला नाही. 1670 मध्ये लंडनला विल्यम पेन या धर्मोपदेशकाला सोडणाऱ्या ज्युरीला उपाशी कोंडलं होतं. तिच्यातल्या बुशेलनं दंड भरायचं नाकारलं आणि तेव्हापासून ज्युरीला निकालासाठी शिक्षा नाही हे ठरलं. आपल्याकडे नानावटी खटल्यात ज्युरीनं 8 विरुद्ध 1 असं निर्दोष म्हटलं, तरी न्यायाधीशांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे धाडलं. इथं ती सोय नाही. फक्त न्यायाधीशांनी हे ज्युरीला सांगायलाच हवं असं नाही, असं इथल्या सर्वोच्च न्यायालयानं 1895 मध्ये म्हटलंय.

चित्रफितीवर आमच्या कराचा पैसा घालता, तर त्यात हे एक वाक्य घाला, असं मी तावातावानं घरी म्हणालो. बायको म्हणाली, 1955 मध्ये मिसिसिपीत गोऱ्यांच्या ज्युरीनं एमेट टिल या चौदा वर्षांच्या काळ्या मुलाच्या मारेकऱ्यांना जेमतेम तासाभरात सोडलं, तेही ह्याच जोरावर ना? तिला अजून उत्तर दिलेलं नाही.

एकटेपणाचं म्हणाल, तर दोन हिवाळे काढा, सवय होते.

मुलाच्या फॉर्मवर मराठीच लिहा. पण इंग्रजी माध्यमाचा दाखला, शिक्क्यासकट, नाशिकहूनच घेऊन या.