आधी पाहण्याची साधने, मग रेखाटण्याची

कोणालाही भर घालता येणाऱ्या ‘ओपनस्ट्रीटमॅप’ या मुक्त नकाशावर खाते उघडून दोन आठवडे झाले, लालबाग-परळच्या काही इमारती रेखाटून झाल्या, आता ब्राउझरमध्ये आणखी काय जोडावे, असे आपण विचारले आहे. माझ्या मते रेखाटण्यासाठी तूर्त काहीही जोडू नये. ब्राउझरमध्ये चालणारा ‘आयडी’ हा संपादक पुरेसा आहे. संगणकावर वेगळा उतरवून घ्यावा लागणारा ‘जोसम’ सहा महिन्यांनी शिकलात तरी चालेल. नवख्यांकडे उणीव असते ती नकाशात आधीच काय आहे हे पाहण्याच्या साधनांची.

आयडीमध्ये ‘बी’ ही कळ दाबली की पार्श्वभूमीचा फलक उघडतो. तेथे उपग्रहचित्राचा पुरवठादार बदलता येतो आणि चित्र जागेवर नसेल तर सरकवताही येते. परळला हे फार उपयोगी पडते, कारण गिरण्यांच्या जागी उभे राहिलेले मनोरे चित्रात तिरके दिसतात आणि छप्पर पायापासून बरेच दूर पडलेले असते. अशा वेळी छपराची बाह्यरेषा काढावी, ‘क्यू’ कळीने कोपरे काटकोनात आणावेत आणि मग ती आकृती सरकवून पायावर बसवावी. एका चित्रात चाळ आणि दुसऱ्यात खोदलेली जमीन दिसत असेल, तर तर्क लढवण्यापेक्षा चालत जाऊन पाहणे बरे.

यानंतर ‘ओव्हरपास टर्बो’ शिकावे. नकाशातील माहितीला प्रश्न विचारण्याचे हे संकेतस्थळ असून, त्यातील विझार्डमध्ये एक साधी ओळ लिहिली की पूर्ण प्रश्न आपोआप तयार होतो. समोर दिसणाऱ्या भागातील ज्या शाळांना मराठी नाव दिलेले नाही, त्या सर्व एका फटक्यात वेगळ्या काढता येतात; मग प्रत्येक शाळेचा फलक वाचून आयडीतील मराठी नावाचा स्वतंत्र रकाना भरावा, लिप्यंतर करून नव्हे. प्रश्न मात्र लहान भागापुरता ठेवावा. सर्व्हर सर्वांचा आहे, आणि अख्खा महाराष्ट्र मागितला तर ब्राउझरच गुदमरतो.

कोणतीही नोंद पुसण्यापूर्वी तिचा इतिहास उघडून पाहावा. एल्फिन्स्टन रोड स्थानक २०१८ मध्ये प्रभादेवी झाले. अशा ठिकाणी जुने नाव चुकीचे म्हणून काढायचे नसते, तर जुन्या नावाच्या वेगळ्या टॅगमध्ये, म्हणजे नोंदीला जोडलेल्या माहितीच्या रकान्यात, जपायचे असते.

आपल्याच चुका पाहण्यासाठी ‘ओएसएमचा’ (OSMCha) हे नकाशातील बदल तपासण्याचे संकेतस्थळ आहे. सुरुवातीला मी नकाशा सरकवायला गेलो आणि रस्त्याचा एक बिंदूच शेजारच्या इमारतीत ओढून ठेवला. जतन करताना ते लक्षातही आले नाही. ओएसएमचामध्ये संपादनापूर्वीचा आणि नंतरचा आकार वेगवेगळ्या रंगांत दिसतो, त्यामुळे ती चूक दुसऱ्याने सांगण्याआधी सापडली. तेथे आपल्या विभागाची चौकट आखून गाळणी (फिल्टर) जतन केली, की इतरांनी त्या भागात केलेले बदलही पाहता येतात.

ब्राउझरला जोडायचेच असेल तर ‘ओपनस्विचमॅप्स’ हे एक विस्तारक (एक्स्टेन्शन) घ्यावे. आपण पाहत असलेली जागा ते दुसऱ्या नकाशा-संकेतस्थळावर उघडून देते. त्यात गूगलचा नकाशाही येतो, आणि तेथील नाव किंवा रेषा आपल्याकडे उतरवण्यास परवानगी नाही, हे येथे बजावून सांगतो.

पुढील काही संपादने जतन करताना बदलाचा हेतू एका वाक्यात लिहावा आणि ‘माझे संपादन कोणीतरी तपासावे’ या अर्थाची जी चौकट दिसते, तिच्यावर खूण करावी.