पोरगं ऐतखाऊ नाही, भाऊ

कोल्हापूरजवळच्या उचगावहून एका वडिलांचं पत्र आलंय. मुलगा 24 वर्षांचा, केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झालेला, सेकंड क्लास. दोन वर्षं अभ्यासिकेत बसून तलाठी आणि पोलीस भरतीची तयारी केली, हाती काही लागलं नाही. मग गोकुळ शिरगावच्या एका फौंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, ठेकेदारामार्फत लागला. बारा तासांची पाळी, काम ग्राइंडरवर. 16 हजार बोलले होते, पूर्ण महिना भरून हातात 11,400 आले, पगाराची स्लिप नाही. पाचव्या आठवड्यात सोडून घरी आला. वडील स्वतः 28 वर्षं उद्यमनगरात लेथवर आहेत. ते लिहितात: "काम मिळत नाही असं नाही, याला करायचं नाही. मी कुठं निवडलं होतं? दहावीला नापास झालो, मामांनी कारखान्यात नेऊन उभा केला, तेव्हापासून उभाच आहे. पै-पाहुण्यांत ऐतखाऊ म्हणून सांगितलंय, बोलणं सोडलंय. आता दोन भाकरीवर ताटावरून उठतोय, म्हणजे लाज वाटायला लागलीय. कुठला कोर्स केला तर लगेच नोकरी लागेल ते सांगा."

भाऊ, नमस्कार.

कोर्सचं नंतर बघू. तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा त्या भाकरीपाशी अडखळलो. पोरगं दोन भाकरीवर उठतंय हे तुम्ही चांगलं लक्षण धरलंय. मला त्याचीच भीती वाटते. हाताशी आलेला मुलगा आपल्याच घरात भाकरी मोजून खायला लागला, की तो कामाला लागत नाही, मनातून खचत जातो. त्याची झोप कशी आहे, मित्रांत जातो का, अंघोळ-दाढीचं भान आहे का, हे आज त्याच्या आईला विचारा. तिला माहीत असतं. यातलं काही सुटत चाललं असेल तर माझ्याकडं येण्याआधी 14416 ला फोन करा. टेली-मानस म्हणून सरकारी सेवा आहे, मोफत आहे, मराठीत बोलता येतं, रात्रीसुद्धा चालू असते. आणि पाहुण्यांना जे सांगितलंय ते ज्यांना सांगितलं त्यांच्यासमोरच मागं घ्या. हे मी विनंती म्हणून लिहीत नाही, घ्यायलाच पाहिजे म्हणून लिहितोय.

"मी कुठं निवडलं होतं?" हे तुम्ही रागानं लिहिलंत, मला त्यात दुखणं दिसलं. 28 वर्षांत तुम्हाला हे कुणी विचारलंच नसणार. माझे वडील इचलकरंजीत मागावर होते. मजुरी मीटरवर, त्यामुळं माग बंद पडला की त्यांचा जीव वरखाली व्हायचा. म्हातारपणी आम्ही बोलायचो तर ओरडून बोलावं लागायचं, खडखडाटानं कान गेले होते. मी बारावीत असताना एकदा त्यांचा डबा घेऊन कारखान्यात गेलो. त्यांनी डबा घेतला आणि मला दारातूनच मागं फिरवलं, म्हणाले, आत येऊ नकोस. त्यांनीही काही निवडलं नव्हतं. पण आपल्याला निवडता आलं नाही म्हणून पोरानंही निवडू नये, असं ते कधी बोलले नाहीत. तुम्ही तेच बोलताय. एक विचारू? मुलाला कॉलेजात घातलंत ते कशासाठी? त्यानं लेथवर उभं राहू नये म्हणूनच ना?

"काम भरपूर आहे, आपल्या पोरांना करायचं नाही" हे वाक्य मी शिरोलीपासून कागलपर्यंत सगळीकडं ऐकतो. मालक बोलतात, ठेकेदार बोलतात, आणि वाईट म्हणजे पोरांचे आई-बापही बोलतात. पुरावा काय, तर बिहार-ओडिशाची पोरं येऊन तेच काम करतात. ती कशी करतात ते बघा. एका खोलीत आठ-आठ जण राहतात, एकाची पाळी सुटली की दुसरा त्याच वाकळेवर झोपतो, आणि गावाकडं पैसे पाठवायचेच असतात म्हणून ताप आला तरी कामावर जातात. त्या पोरानं ग्राइंडर निवडला असं आपण म्हणायचं का? त्याला नाही म्हणता येत नाही, एवढंच. तुमच्या मुलाला म्हणता आलं, कारण घर तुमचं आहे आणि चूल चालू आहे. देशाच्या रोजगार पाहणीतही अशिक्षितांपेक्षा पदवीधरांत बेकारीचं प्रमाण जास्त निघतं. लोक त्यावरून पदवीला नावं ठेवतात. पण ज्याच्या घरात आठ दिवसांचं धान्य नाही तो बेकार राहूच शकत नाही, मिळेल त्या दराला जातो. शिवाय त्या पाहणीच्या आठवड्याच्या मोजणीत सात दिवसांत एक तास काम केलेला माणूससुद्धा कामावर धरतात. त्यामुळं कोण कामात आणि कोण बेकार, यावरून कोण कष्टाळू आणि कोण आळशी हे ठरत नाही. ज्याला नाही म्हणता येतं त्याचंच हो खरं असतं. तुम्ही 28 वर्षं राबून पोराला ती ताकद मिळवून दिलीत आणि आता त्याच्यावरच चिडताय.

आपल्या कोल्हापूरला तरी हे नवीन नाही. बलुतं आणि महार वतन म्हणजे जन्माला आल्याबरोबर ठरलेली नोकरी. 1918 साली शाहू महाराजांनी कायद्यानं ती मोडली. पण नुसतं मोकळं करून काम होत नाही हेही त्यांना माहीत होतं. अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातल्या गंगाराम कांबळ्यांनी चहाचं हॉटेल टाकलं तेव्हा गिऱ्हाईक फिरकेना. महाराज स्वतः तिथं जाऊन चहा प्यायचे, बरोबरच्यांनाही प्यायला लावायचे. दुसरं काम धरायला माणसाच्या पाठीशी कुणीतरी काही दिवस उभं राहावं लागतं. तुमच्या घरात ते काम तुमचं आहे.

आता त्या पाच आठवड्यांकडं येऊ. ग्राइंडरवर होता म्हणजे फेटलिंगला टाकला होता. साच्यातून काढलेल्या ओतीव भागाला चिकटून राहिलेला जादा धातू घासून काढायचा, बारा तास, सिलिकाच्या, म्हणजे साच्याच्या वाळूच्या धुळीत. ती धूळ वर्षानुवर्षं छातीत गेली तर सिलिकोसिस हा फुप्फुसाचा आजार होतो, आणि तो बरा होत नाही. तुमचा मुलगा केमिस्ट्रीचा पदवीधर आहे. बऱ्याच फौंड्रींत भट्टीजवळ एक लॅब असते. वितळलेला धातू साच्यात ओतायच्या आधी नमुना काढतात आणि स्पेक्ट्रोमीटरवर कार्बन, सिलिकॉन, मँगनीज, गंधक, फॉस्फरस किती ते बघतात. शेजारी साच्याच्या वाळूची तपासणी चालते, वाळूतला ओलावा, ताकद, हवा जाऊ देण्याची क्षमता. त्या खुर्चीवर बऱ्याचदा बी.एस्सी. केमिस्ट्रीची पोरं असतात. ठेकेदाराला याच्याशी देणंघेणं नव्हतं, त्याला दोन हात पाहिजे होते. मुलानं कामच नाकारलं असं तुम्ही धरून बसलाय. कुणी सांगावं, त्यानं फक्त ती जागा नाकारली असेल. विचारलंत का एकदा?

भरतीबद्दल एकच सांगतो. 2023 च्या तलाठी भरतीत 4,644 जागांना दहा लाखांवर अर्ज आले होते, म्हणजे एका जागेमागं दोनशेच्या वर. दोन वर्षं झाली, तिसरं घालवू नका. बी.एस्सी. झालेल्याला आता कुठलाही सहा महिन्यांचा "नोकरीची हमी" देणारा कोर्स लावायचा नाही, पैसे गेले म्हणून समजा. त्यापेक्षा ठेकेदार टाळून थेट कंपनीच्या क्वालिटी विभागात अर्ज करू दे. अप्रेंटिस म्हणून घेतलं तरी चालेल, 2019 च्या नियमांनी पदवीधर अप्रेंटिसला महिन्याला किमान 9,000 ठरवले होते. फक्त अप्रेंटिस म्हणजे कायम नोकरी नव्हे, हे आधीच कळू दे. साखर कारखान्यांना हंगामात लॅब केमिस्ट लागतात, दूध संघांच्या लॅब आहेत. पगार सुरुवातीला 11,400 पेक्षा फार मोठा नसेल. पण दोन वर्षांनी तिथून पुढं जाता येतं, ग्राइंडरवरून जाता येत नाही. हे सगळं त्याच्यासमोर मांडा आणि गप्प बसा. ठरवू दे त्याला. आठ महिने द्या, आणि त्या आठ महिन्यांत पगाराचा विषय जेवताना काढायचा नाही.

एक काम मात्र लगेच करा. 16 हजारांतून पीएफचे बारा टक्के, ईएसआयचा (कामगार विम्याचा) पाऊण टक्का, व्यवसाय कराचे 200 असं सगळं कापलं तरी साधारण 13,760 उरतात. म्हणजे दोन हजारांवर रक्कम कुठंतरी मुरली. त्यात बारा तासांची पाळी, जादा तासांना दुप्पट दर हा कायदा आहे. पाचव्या आठवड्याचे पैसे तर मिळालेलेच दिसत नाहीत. ठेकेदाराकडं स्लिप, यूएएन म्हणजे पीएफ खात्याचा नंबर आणि ईएसआयचा नंबर लेखी मागा. पीएफ कापून भरलाच नसेल तर यूएएनवर लगेच कळतं. ठेकेदारानं हात वर केले तर मजुरी द्यायची जबाबदारी कंपनीवर येते. सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात अर्ज करा. हजेरीचे मोबाईलमधले फोटो, बँकेचं पासबुक, गेटपास, जे असेल ते बरोबर न्या.

आणि तुम्ही त्याच्याबरोबर जा. एक दिवस खाडा करून जा. 28 वर्षं कारखान्यात काढलेला बाप शेजारी उभा असला की साहेबासमोर पोराचा आवाज वेगळा निघतो. जाता-येता गाडीवर त्याला फेटलिंगबद्दल विचारा, ग्राइंडर कुठला होता, मास्क देत होते का. तुम्ही लेथवरचे आहात, त्याचं बोलणं तुम्हाला आईपेक्षा लवकर कळेल.