कर्ज काढून शिकावं का, असं विचारलंस म्हणून

प्रिय,

तुझा मेसेज रात्रीच वाचला पण लगेच उत्तर दिलं नाही, कारण हे दोन ओळींत सांगण्यासारखं नाहीये. एज्युकेशन लोन काढून कॉलेज करू का, हे तू विचारलंस आणि खाली हळूच लिहिलंस की घरच्यांवर ओझं नको म्हणून शिकायचा विचारच सोडून द्यावासा वाटतो. खरं सांगू, मला ती खालची ओळच जास्त लागली, कारण अगदी हेच मलाही वाटायचं.

माझ्या लोनच्या कागदांवर समोरच्या माणसाने आधीच पेन्सिलीने बारीक फुल्या मारून ठेवल्या होत्या. फुली दिसली की सही, पान उलट, परत सही. मी एक अक्षर वाचलं नाही. शेजारी बाबा जामीनदार म्हणून बसले होते, त्यांनीही वाचलं नाही, ते नुसते माझ्याकडे बघत होते, पोरगी शिकणार म्हणून चेहरा फुललेला. पुढे कोर्स संपला, नोकरी लागेना, हप्ते थकले, आणि पहिला फोन आला तो मला नाही, बाबांना. त्यांनी मला काही सांगितलंच नाही, गुपचूप दोन हप्ते भरून टाकले, मला खूप नंतर त्यांच्या पासबुकातल्या नोंदी बघून कळलं. आजही ते आठवलं की घशात अडकतं.

म्हणून आधी व्याजाचं पान वाच. समज, चार वर्षांचा कोर्स आहे आणि दरवर्षी सुरुवातीला पंचवीस-पंचवीस करून तू शंभर घेतलेस, व्याज सरळ १० टक्के. शिकत असताना हप्ता नाही म्हणून आपण निवांत असतो, पण व्याज चालूच असतं, आणि कोर्स संपेपर्यंत शंभराचे १२५ झालेले असतात. वर हप्ते सुरू करायला एक वर्षाची सवलत घेतलीस तर १३५. मग बरेचदा ते साचलेलं व्याज मुद्दलात मिसळतात आणि इथून पुढे १३५ वर व्याज लागतं. दहा वर्षांचे हप्ते बांधले तर पहिल्या हप्त्यातल्या दर शंभरातले साधारण ६३ व्याजातच जातात, आणि शेवटपर्यंत सगळं मिळून तू २१४ च्या आसपास भरतेस किंवा भरतोस, घेतले होते फक्त शंभर. म्हणून व्याज मुद्दलात कधी मिसळणार, आणि शिकताना नुसतं व्याज भरत गेलं तर चालेल का, हे दोन प्रश्न सही करायच्या आधी विचार, आणि उत्तर लेखी घे.

दुसरी गोष्ट, फी किती हे सगळेच विचारतात, तू हे विचार की त्या कोर्सला बसलेल्यांपैकी किती जण तो पूर्ण करतात. अमेरिकेत हे नीट दिसलंय की सगळ्यात जास्त बुडतात ते मोठं कर्ज काढलेले डॉक्टर-वकील नव्हेत, तर थोडंसं कर्ज काढून मधेच शिक्षण सुटलेले, कारण कर्ज अंगावर राहतं आणि डिग्री हातात नसते. झेपेल असा कोर्स निवड म्हणतेय ते यासाठी, तुझी कुवत कमी आहे म्हणून नाही.

आता हा खर्च सरकारनेच उचलावा का. माझं मत हो, निदान फी तरी उचलावी, आणि असं म्हणताना मी काही स्वप्नातलं बोलत नाहीये. न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजमध्ये १८४७ पासून शहरातल्या मुलांना फी नव्हती, ती लागली १९७६ मध्ये, शहराच्या तिजोरीत खडखडाट झाला तेव्हा. इंग्लंडमध्ये १९९८ ला वर्षाला १,००० पौंडांपर्यंत फी आली, २००६ ला ३,००० आणि २०१२ ला ९,००० पर्यंत. जर्मनीत उलटं झालं, काही राज्यांनी सेमिस्टरला साधारण ५०० युरो घ्यायला सुरुवात केली होती, लोकांनी विरोध केला, एकेक राज्याने फी काढली, शेवटचं लोअर सॅक्सनी, २०१४ मध्ये. बघ ना, प्रत्येक वेळी कुणीतरी बसून ठरवलंय. तुझ्या घरच्यांना फी परवडत नाही यात तुझा किंवा त्यांचा काही दोष नाही, हे मला तुला ओरडून सांगावंसं वाटतं.

अर्थात समोरच्या बाजूचं म्हणणंही खोटं नाही. जो कधी कॉलेजची पायरी चढणार नाही त्याने टॅक्स भरून दुसऱ्याच्या डिग्रीचा खर्च का उचलायचा? ऑस्ट्रेलियाने १९७४ ला फी काढून टाकली होती, पण पुढे लक्षात आलं की फायदा जास्त करून बऱ्या घरच्या मुलांनाच होतोय, म्हणून १९८९ मध्ये नवी पद्धत आणली, आधी शिका आणि कमाई ठराविक रकमेच्या वर गेली की टॅक्सबरोबर थोडं थोडं कापून घेऊ. कमाई नाही तर वसुली नाही. बाबांना आलेला तो फोन या पद्धतीत आलाच नसता, म्हणून मला ती कर्जापेक्षा कितीतरी माणुसकीची वाटते. तिच्यातही खोट होतीच, फेडायची उरलेली रक्कम महागाईप्रमाणे वाढायची आणि २०२३ मध्ये ती एका झटक्यात ७.१ टक्क्यांनी वाढली तेव्हा लोक इतके चिडले की नंतर नियम बदलावा लागला. तरी माझं मत फी नसावी असंच, कारण नर्स किंवा शिक्षक तयार होतो तेव्हा फायदा त्याच्या एकट्याच्या पगारापुरता राहत नाही, कॉलेजला न गेलेल्या माणसाचंही पोर त्याच शिक्षकाकडे शिकतं, तोही आजारी पडला की त्याच नर्सच्या देखरेखीखाली असतो.

फक्त फी माफ म्हणजे सगळं झालं असं समजू नकोस, राहणं-खाणं उरतंच, जर्मनीतही मुलं त्यासाठी सरकारी मदत घेतात, तिथे ठरल्या मुदतीत ती निम्मी अनुदान आणि निम्मी बिनव्याजी कर्ज अशी मिळते. आणि धोरण बदलेल तेव्हा बदलेल, तुझं ॲडमिशन या वर्षी आहे, त्यामुळे वाट बघत बसू नकोस. आधी सरकारी कॉलेज, मग स्कॉलरशिप, आणि उरलेल्यापुरतंच लोन, याच क्रमाने बघ. आणि जामीनदार म्हणून जो बसेल त्याला हप्ता थकला तर काय होईल ते आधी तूच समजावून सांग, तुझ्या तोंडून.

कागद मिळाले की व्याजाच्या आणि जामिनाच्या पानांचे फोटो काढून पाठव, मग फोनवर ओळ न् ओळ वाचू. तोवर कुठेच सही करू नकोस, कितीही घाई केली तरी.

तुझी ताई