ह्युब्रिस म्हणजे गर्व नव्हे, माज

विचारणा अशी आहे : ग्रीक शोकांतिकेतल्या ‘ह्युब्रिस’ला मराठीत ‘गर्व’ म्हणावं की ‘अहंकार’? आणि ‘मोइरा’ला ‘नियती’ चालेल का?

पहिले दोन्ही शब्द चूक. ‘गर्वाचं घर खाली’ ही म्हण ईडिपसला चिकटवलेली वाचून वाचून वैताग आला आहे. सोफोक्लिसच्या नाटकात, पोटच्या मुलाच्या हातून तू मरशील, हे ईडिपसच्या बापाला, लायसला, मुलगा जन्मायच्या आधीच कळलेलं असतं. न जन्मलेल्या पोराला कसला गर्व?

गर्व मनात असतो, ह्युब्रिस दुसऱ्यावर केला जातो. अथेन्समध्ये त्याबद्दल खटला भरता येई. मेइडियस नावाच्या श्रीमंताने भर नाट्यगृहात प्रसिद्ध वक्ता डेमोस्थेनिसच्या थोबाडीत मारली, तेव्हा डेमोस्थेनिसने आपल्या भाषणात हाच शब्द वापरला. ॲरिस्टॉटल सांगतो की यात फायदा बघायचा नसतो. समोरच्याची मान खाली घालायला लावण्यातच करणाऱ्याला मजा येते.

याला मराठीत ‘माज’ म्हणतात. संस्कृत ‘माद्यति’, प्राकृत ‘मज्जइ’, त्यावरून माजणं. बैल माजतो, तण माजतं, माणूसही माजतो. ग्रीकांचंही तसंच. इतिहासकार हेरोडोटसकडे इराणी सम्राट दरायसच्या छावणीतली गाढवं ‘ह्युब्रिस’ करतात, म्हणजे माजल्यासारखी ओरडतात, आणि त्याच्या शत्रूंचे, सिथियनांचे, घोडे बुजतात. वनस्पतींवर ग्रंथ लिहिणाऱ्या थिओफ्रास्टसने तर बदामाच्या झाडाबद्दल लिहिलंय : खोडात लोखंडी खुंटी ठोकायची, मग ती काढून ओकची बसवायची. याला काही जण झाडाला ‘शिक्षा करणं’ म्हणत, कारण झाड माजलेलं असे. ह्युब्रिसचे अभ्यासक फिशर यांनी १९९२ च्या ग्रंथात मानहानी हाच ह्युब्रिसचा गाभा ठरवला. मला ते पटत नाही. बदामाच्या झाडाने कुणाची मानहानी केली? आधी माज, त्यातून मानहानी, हाच क्रम सरळ आहे. काही जण ह्युब्रिसचं मूळ ‘ह्युपेर’ म्हणजे ‘वर, पलीकडे’ या शब्दात शोधतात. त्याला ध्वनिनियमांचा आधार नाही.

खरी गंमत मोइरामध्ये आहे. मोइरा म्हणजे वाटा! होमरच्या ओडिसी महाकाव्याच्या चौदाव्या सर्गात डुकरं राखणारा युमेअस डुक्कर भाजून त्याचे सात वाटे करतो, एक वाटा वनदेवता आणि हर्मीस देव यांना, बाकीचे जेवणाऱ्यांना. तिथलं वाटण्याचं क्रियापद ‘मोइरा’वरूनच आलेलं आहे. आता आपल्याकडे बघा. ‘भाग्य’ आलं ‘भाग’वरून. ‘नशीब’ अरबी, अर्थ हिस्सा. ‘किस्मत’ही अरबी, अर्थ वाटणी. आणि आजी म्हणते, ‘माझ्या वाट्याला हेच आलं.’ होमरला याहून चांगलं मराठी मिळणार नाही.

म्हणून ‘नियती’ नको. ‘दैव’ही नको, त्यात देव आला. होमरच्याच इलियडच्या सोळाव्या सर्गात खुद्द देवांचा राजा झ्यूसचा मुलगा सार्पेडॉन मरणाच्या दारात असतो. त्याला सोडवावं असं झ्यूसच्या मनात येतं. त्याची बायको हेरा बजावते : सोडव, पण बाकीच्या देवांना ते मान्य होणार नाही, आणि मग त्यांनाही आपापली मुलं सोडवावीशी वाटतील. झ्यूस रक्ताचे थेंब वर्षतो आणि वाटणी मोडत नाही. ग्रीकांचा सेनापती आगामेम्नॉन मात्र मोडतो. लुटीतला वीर अकिलिसचा वाटा असलेली बंदिवान ब्रिसेइस तो हिसकावून घ्यायला निघतो, आणि पहिल्याच सर्गात अकिलिस अथेने देवीला विचारतो, आगामेम्नॉनचा माज बघायला आलीस का? तिथे मुळात शब्द ‘ह्युब्रिस’च आहे.