जुन्या बी-275 ट्रॅक्टरचं इंजिन खोलून परत बांधल्यावर फार जड फिरतंय, पान्याला पाईप लावूनच हलतं, काय करू?

पहिलं म्हणजे दुसऱ्या ट्रॅक्टरला बांधून ओढून सुरू करायचा विचार डोक्यातून काढा भाऊ, बेरिंग घट्ट असेल तर शेल (बेरिंगच्या अर्धगोल पट्ट्या) जागेवर फिरून क्रँकच खराब होईल. इंजेक्टर काढून फिरवून बघितलं का? कॉम्प्रेशन असताना डिझेल इंजिन जड लागणारच, त्यावरून काही कळत नाही. इंजेक्टर काढूनही पाईप लागतोय म्हणजे गडबड आहे.

मग परत खोला, कंटाळा येतो मान्य. सगळे पिस्टन काढून फक्त क्रँक ठेवा, मेन कॅप (क्रँकला ब्लॉकमध्ये धरून ठेवणाऱ्या बेरिंगच्या टोप्या) एकेक करून टॉर्कने आवळा आणि दरवेळी हाताने फिरवा. ज्या कॅपला अडेल तिथंच दुखणं. बहुतेकदा कॅप उलटी किंवा नंबर चुकून बसलेली असते, नाहीतर क्रँक 10 थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) घासलाय आणि दुकानदाराने शेल 20 थाऊचे, म्हणजे जास्त जाड, दिलेत (माझ्याबरोबर झालंय हे, दोन दिवस वाया गेले). थ्रस्ट वॉशर (क्रँकला पुढेमागे जास्त सरकू न देणारे) पण बघा, पेचकसने क्रँक पुढेमागे थोडा सरकलाच पाहिजे. मागे दोरीचं सील असेल तर नवीन असताना ते थोडं पकडतंच, त्याला घाबरू नका.

क्रँक मोकळा निघाला तर एकेक पिस्टन टाकत जा. रिंग आधी नुसती लायनरमध्ये (पिस्टन चालतो ती नळी) सरळ बसवून फिलर गेजच्या पातळ पट्टीने रिंगच्या दोन टोकांमधला गॅप मोजा, बोअरच्या दर इंचाला साधारण 3-4 थाऊ हवा. चारही पिस्टन बसल्यावर थोडं जड होणारच, पण साध्या लांब पान्याने सलग फिरलं पाहिजे, एका जागी अडकायला नको.