थायलंडच्या शाळेत शिकवायला यायचं म्हणतेस, तर

तुझा प्रश्न थोडक्यात असा : वय २२, इंग्रजी घेऊन बी.ए. नुकतंच झालंय, एक एजन्सी ‘तीन महिने थायलंडच्या शाळेत स्वयंसेवक म्हणून इंग्रजी शिकवा’ म्हणून ९० हजार रुपये मागतेय, ‘व्हिसाचं टेन्शन घेऊ नका’ म्हणतेय. आई तयार नाही, तू शाकाहारी आहेस आणि रंगावरून काही सोसावं लागेल का, हेही तू विचारलंयस. तू ‘ताई’ म्हणून सुरुवात केलीस, तेव्हा मीही सरळ अगं-तुगंवर येते.

आधी व्हिसा, कारण ‘टेन्शन घेऊ नका’ म्हणणाऱ्याचंच टेन्शन घ्यायचं असतं. थायलंडमध्ये बिनपगारी काम हेही कायद्याने कामच आहे. स्वयंसेवकालासुद्धा वर्क परमिट लागतं. त्याआधी नॉन-इमिग्रंट व्हिसा लागतो : स्वयंसेवकाला साधारणपणे ‘ओ’ वर्गातला, पगारी शिक्षकाला ‘बी’ वर्गातला. त्यासाठीची पत्रं शाळेने किंवा संस्थेने द्यायची असतात. पर्यटक म्हणून उतरायचं आणि दुसऱ्या दिवशी फळ्यापुढे उभं राहायचं, हा प्रकार सर्रास चालतो, पण पकडली गेलीस तर एजन्सी फोनसुद्धा उचलणार नाही.

हे मी ऐकीव सांगत नाही. २०१८ साली मीही असेच पैसे भरून आले होते. दुसऱ्या महिन्यात एका सकाळी एका शिक्षिकेने माझा हात धरला, ग्रंथालयात नेऊन बसवलं आणि दार ओढून घेतलं. इमिग्रेशनचे लोक आलेत, अशी कुणकुण होती. चित्रांच्या पुस्तकांच्या कपाटामागे मी दीड तास बसून होते. पलीकडून माझ्याच वर्गाचा गोंगाट ऐकू येत होता, ‘टीचर कुठेय’ असं विचारणंही. पाहुणे दुसऱ्याच कामाला आले होते, हे नंतर कळलं. पण त्या दीड तासात मी ठरवलं की चोरासारखं शिकवायचं नाही. आठवड्याभरात परत गेले, पैसे पाण्यात. पुढच्या वर्षी सगळे कागद करून आले ते बुरीरम प्रांतात, आणि अजून इथेच आहे.

म्हणून एजन्सीला एकच प्रश्न विचार, तोही लेखी : माझं वर्क परमिट कोण काढणार आणि त्यावर कोणत्या शाळेचं नाव असणार? उत्तरात ‘आल्यावर बघू’ आलं, की विषय संपला.

दुसरं, तीन महिने हा काळच चुकीचा आहे. शाळेचं पहिलं सत्र मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत, दुसरं नोव्हेंबरपासून मार्चच्या मध्यापर्यंत. यायचं तर पूर्ण सत्रासाठी ये. मुलांना तुझं नाव घेता यायला लागतं आणि तुला त्यांचं, तोवर सहा आठवडे गेलेले असतात. त्यात क्रीडादिन, बौद्ध सण, स्काउटचा दिवस, अचानक आलेले पाहुणे. तास रद्द झाल्याचं तुला रिकाम्या वर्गात गेल्यावरच कळेल. चिडायचं नाही. इथे मोठ्याने चिडणाऱ्याचीच किंमत कमी होते.

नावांवरून आठवलं. एका मुलाला मी दोन आठवडे ‘बॉन’ म्हणत होते. एकदा त्याची वही हातात आली, वर इंग्रजीत ‘बॉल’ लिहिलेलं! थाई मुलांची टोपणनावं अशीच असतात : बॉल, बँक, आइस, बेन्झ. पण थाईत शब्दाच्या शेवटी ‘ल’ येतच नाही, त्याचा ‘न’ होतो. शेवटच्या ‘स’चा ‘त’ होतो. म्हणून फुटबॉल ‘फुतबॉन’ आणि बस ‘बत’. हे कळेपर्यंत मी मुलांना निष्काळजी समजत होते. त्यात बुरीरमच्या बऱ्याच घरांत ख्मेर किंवा लाओ वळणाची बोली बोलतात, थाई शाळेत पक्की होते. म्हणजे इंग्रजी तिसरी भाषा. व्याकरणाचा तक्ता घेऊन गेलीस तर चाळीस मुलं एका सुरात ‘आयम फाइन थँक्यू अँड यू’ म्हणतील आणि गप्प बसतील. खेळ, चित्रं, बाजारातली खोटी खरेदी, यावर तास चालतो.

आपल्याला मात्र एक मोठा फायदा आहे, जो गोऱ्या शिक्षकांना नाही. थाई मुळाक्षरं क-ख-ङ, च-छ अशा आपल्याच वर्गांच्या क्रमाने जातात, आणि ‘प’ व ‘फ’मधला फरक आपल्या कानाला आयता कळतो. सूर मात्र छळतात, कारण सूर बदलला की शब्दाचा अर्थच बदलतो. शिक्षक म्हणजे ‘ख्रू’, आपला गुरूच.

रंगाचं विचारलंस, तर खरं सांगते. जाहिरातीत ‘नेटिव्ह स्पीकर’ लिहिलेलं असतं आणि अनेकदा त्याचा अर्थ गोरा चेहरा असतो. पगारी नोकरीत आपल्याला आणि फिलिपिनो शिक्षकांना गोऱ्यांपेक्षा कमी देऊ करतात. भारतीयांना ‘खॅक’ म्हणतात, शब्दशः पाहुणा, पण तो प्रत्येक वेळी आदराने म्हटलेला नसतो. पगारी जागेसाठी पदवी लागते, शिवाय आपल्याकडून ‘टोइक’ या इंग्रजीच्या परीक्षेचे गुण मागतात, बहुधा ६००. ती परीक्षा तिकडेच देऊन ठेव. पोलिसांचा दाखला पासपोर्ट कार्यालयातून काढ. पदवीच्या साक्षांकनाचं मुंबईतल्या थाई वकिलातीला आधी विचार, नाहीतर दोनदा फेऱ्या होतात.

आल्यावर दर ९० दिवसांनी इमिग्रेशनला पत्ता कळवायचा. देशाबाहेर जाताना री-एंट्री परमिट काढायचं, नाहीतर राहण्याची परवानगी तिथेच संपते. लग्नाला म्हणून घरी जाताना बरेच जण हेच विसरतात.

शाळेत गुडघ्याखाली जाणारा स्कर्ट, खांदे झाकलेले. सकाळी आठला राष्ट्रगीत, तेव्हा जिथे असशील तिथे उभं राहायचं. मुलाच्या डोक्यावर प्रेमाने टपली मारायची नाही, पायाने वस्तू सरकवायची नाही. आणि राजघराण्यावर विनोद नको, खाजगीतही नको. कलम ११२ खाली एका गुन्ह्याला ३ ते १५ वर्षं कैद आहे.

जेवण : ‘जे’ हा शब्द पाठ कर. त्यात मांस, मासे, अंडी, दूध, कांदा, लसूण काहीच नसतं. ‘मांगसविरत’ म्हणजे शाकाहारी (मांसविरती, ऐकलंस?), पण त्यात फिश सॉस ढकलला जातो, म्हणून ‘माय साय नाम प्ला’, म्हणजे फिश सॉस घालू नका, हेही म्हणायला शीक. सोमतमला, म्हणजे कच्च्या पपईच्या कोशिंबिरीलाही, हाच नियम. पहिला महिना मी भात, भाजलेले शेंगदाणे आणि केळी यांवर काढला.

आणि आईला हे सांग. जूनमध्ये एका गुरुवारी ‘वाय ख्रू’ होतो, म्हणजे गुरुवंदना. मुलं फुलांची तबकं घेऊन गुडघ्यांवर चालत येतात. पहिल्या वर्षी एका चिमुरडीने माझ्यापुढे तबक धरलं, त्यात इक्सोराच्या टोकदार कळ्या, वांग्याचं फूल आणि चक्क दूर्वा! कळी म्हणजे तल्लख बुद्धी, वांग्याचं फूल खाली मान घालतं म्हणून नम्रता, आणि दूर्वा कुठेही पसरतात तशी विद्या पसरो. तबक घेताना मला आमच्या घरचा गणपती दिसायला लागला. तिने मात्र कुजबुजत विचारलं, ‘टीचर क्राय?’

दुसऱ्या सत्राचा विचार कर, नोव्हेंबरचा. कागदांना तेवढा वेळ लागतोच. शाळेचं पत्र आलं की पैसे भरण्याआधी मला पाठव, थाईतलं असलं तरी वाचून सांगते. येताना गोडा मसाला आण. दोन पाकिटं, एक माझं.