सिस्टिम्स सायन्सचा चार्ट पुन्हा नव्याने करायचा म्हणतोयस तर हे वाच

तुझा चार्ट काल निवांत बघितला, मेहनत दिसते रे, पण सायबरनेटिक्स (मोजून दुरुस्त करत राहणाऱ्या नियंत्रणाचा अभ्यास), सिस्टिम डायनॅमिक्स (एखादी व्यवस्था काळाबरोबर कशी वरखाली होते ते आकड्यांनी बघणं), इकॉलॉजी, ट्रॅफिक, हॉस्पिटल हे सगळं तू एकाच रांगेत बसवलंयस आणि घोळ तिथेच झालाय. पहिली दोन म्हणजे बघायची पद्धत, बाकीची म्हणजे ती कुठे वापरली ते. सरळ टेबल कर, प्रत्येक ओळीला एक पद्धत, प्रत्येक रकान्याला एक वापर.

आता सिस्टिम डायनॅमिक्सचंच घे. ते सुरू करणारा जे फॉरेस्टर मूळचा इलेक्ट्रिकल इंजिनिअर, 1956 ला अमेरिकेतल्या एमआयटीच्या मॅनेजमेंट स्कूलमध्ये आला. घरगुती उपकरणांच्या कारखान्यातले लोक त्याला म्हणाले की कधी तीन-चार पाळ्या चालवाव्या लागतात, दोन-तीन वर्षांनी त्यातलीच निम्मी माणसं काढावी लागतात, असं का होतं? सगळे बाजाराला दोष देत होते. ह्याने वही घेतली, वर रकाने पाडले, माल किती, माणसं किती, ऑर्डरी किती, आणि आठवड्यामागून आठवडा हाताने आकडे भरत गेला. बाहेरून येणाऱ्या ऑर्डरी एकसारख्या धरल्या तरी माणसांचा आकडा वरखाली होतच राहिला! म्हणजे दोष बाजारात नव्हता, निर्णय आणि त्याचा परिणाम यांच्यामध्ये जो वेळ जातो त्यात होता. पुढे हीच पद्धत त्याने 1969 ला शहरांना लावली, मग अख्ख्या जगाला. म्हणजे तुझ्या टेबलात ओळ एक, रकाने तीन: कारखाना, शहर, जग. मला हे अजूनही फार भारी वाटतं.

सायबरनेटिक्सचंही तसंच, थर्मोस्टॅट आणि रक्तातली साखर एकाच ओळीत येतात, दोन्हीकडे हवं ते आणि आहे ते यातला फरक मोजून तो कमी करायचं काम चालू असतं.

हॉस्पिटलचा रकाना मात्र फोड. खाटा किती, पेशंट किती, रांग किती लांब, हे ऑपरेशन्स रिसर्चने, म्हणजे कामाच्या नियोजनाच्या गणिताने सुटतं. पण अडचण नक्की काय आहे यावरच डॉक्टर, नर्स आणि मॅनेजमेंटचं एकमत नसेल तर गणित मांडणार कशाचं? तिथे पीटर चेकलँडची सॉफ्ट सिस्टिम्स पद्धत लागते, जी सगळ्यांची मतं समोर ठेवून आधी प्रश्नच समजून घेते, आणि तुझ्या चार्टमध्ये ती कुठेच नाहीये, ती आधी घाल.

अर्थशास्त्रज्ञ केनेथ बोल्डिंगने 1956 ला सिस्टिम्सच्या मांडलेल्या नऊ पायऱ्या वेगळ्या कागदावर ठेव, त्या गुंतागुंत किती वाढत जाते त्याच्या पायऱ्या आहेत, विषयांच्या नाहीत.

आणि टेबलातलं जे घर रिकामं राहील ते ओढूनताणून भरू नकोस, तसंच पाठव, त्यावरच बोलू.